समासातलं उत्तर

"यात सगळं आहे," असं म्हणत डॉक्टरांनी खणातून एक गुळगुळीत पुस्तिका काढली आणि माझ्यासमोर सरकवली. "घरी जाऊन वाचा."

मी ती तिथंच उघडली. इंग्रजी होती. पहिल्या पानावर पांढऱ्या केसांचा एक गोरा म्हातारा हिरव्यागार गवतावर काठीनं चेंडू मारत होता आणि हसत होता. शेवटच्या पानावर गोळ्यांच्या कंपनीचं नाव होतं. माझ्या शेजारी आमचे हे, भूपाल चौगुले, वय वर्षं चोपन्न, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसले होते. थरथर दिसू नये म्हणून.

"मराठीत काही मिळेल का?" मी विचारलं.

डॉक्टरांनी तोवर पुढच्या पेशंटची फाइल उघडली होती. मान वर न करता म्हणाले, "मराठीत हे कोण वाचतं? आणि वाचून तुम्हाला करायचंय काय? गोळ्या वेळेवर द्या म्हणजे झालं."

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावाहून कोल्हापूरला एसटीनं दोन तास, दवाखान्यात बाकावर तीन तास आणि आत पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत रोगाचं नाव कळलं, पार्किन्सन्स, म्हणजे आपला कंपवात. तो बरा होत नाही, हळूहळू वाढतो, एवढं कळलं. पण सकाळी शर्टाची बटणं कशी लावायची, उंबऱ्यात पाय चिकटून बसला तर काय करायचं, घास घशात अडकला तर काय, यातलं काही कळलं नाही. परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत होते आणि मी आतल्या आत धुमसत होते. मराठीत कोण वाचतं म्हणे. मी एकोणीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल होते. मराठीत कोण कोण काय काय वाचतं, ते मला विचारायचं होतं.

हे गावातल्या दूध संस्थेत फॅट काढायचे. काचेच्या नळीत दूध आणि तेजाब मापानं घालून दुधाचा कस बघायचं ते काम. पंचवीस वर्षं केलं, कधी थेंब सांडला नाही. मग एके दिवशी तेजाब सांडून पायजम्याला भोकं पडली. आठवड्यानं पुन्हा सांडलं. गवळी आपसात बोलायला लागले की चौगुले सकाळी सकाळीच घेऊन येतात. ज्या माणसानं आयुष्यात चहाशिवाय काही घेतलं नाही, त्याच्याबद्दल. त्यांनी स्वतःहून काम सोडलं, कुणाला काही सांगितलं नाही. मलासुद्धा आठ दिवसांनी कळलं.

कोल्हापूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाचनालय उघडलं आणि आधी आरोग्याच्या कपाटापाशी गेले. आमच्याकडे बावीस हजार पुस्तकं होती. मधुमेहावर अकरा, हृदयरोगावर नऊ, वजन कमी करण्यावर तर मोजून होत नाहीत. कंपवातावर एक. एकच पुस्तक, पण त्याच्या पाच प्रती. कारण ते आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष श्रीपतराव शिंत्रे यांच्या व्याह्यांनी लिहिलेलं होतं. ते व्याही कुठल्याशा गावी काढे देत. पाच प्रती भेट आल्या होत्या, आत सही आणि 'सप्रेम' लिहून. 'कंपवात पूर्ण बरा होतो' असं कव्हरवरच छापलं होतं.

मी ते वाचलेलं नव्हतं. त्या दिवशीही वाचलं नाही, उभ्या उभ्या चाळलं. प्राणायाम, सकाळचं ऊन, काढे, मनाची उभारी, असं काहीबाही दिसलं. वाटलं, नसण्यापेक्षा बरं. पाचातली हाताळून मऊ झालेली एक प्रत, जिची पानं सहज उलटत होती, ती पिशवीत टाकली आणि घरी नेऊन यांच्या हातात दिली.

हे वाचायला बसले. त्यांचं वाचणं म्हणजे पंचांगासारखं, एक ओळ सुटायची नाही. तेव्हापासून ते पुस्तक त्यांच्या उशाशीच होतं. मी विचारायची, काही उपयोगाचं आहे का, तर मान हलवायचे. आवाज तेव्हाच बारीक झाला होता. मी आपली माझं काम करत होते. दिवसातून तीन वेळा गोळी हातावर ठेवायची आणि सोबत पेलाभर गरम दूध द्यायचं. दुधातल्या माणसाला दुधाशिवाय गोळी कशी द्यायची. शिवाय ताकद येईल हा हिशेब. गोळ्यांनी फरक मात्र पडत नव्हता. दीड महिना झाला तरी हात तसाच, चाल तशीच. हे एकदा म्हणालेही, की या गोळ्या म्हणजे नुसता चुना आहे.

पुस्तक आणल्याला दोन महिने होत आले असतील. त्या आठवड्यात हे रोज जास्त जास्त ताठरत गेले. मला वाटलं रोग वाढला. डॉक्टर म्हणालेच होते वाढतो म्हणून. मग एका सकाळी त्यांना अंथरुणातून उठताच येईना. अंग लाकडासारखं. जबडा उघडेना, लाळ गळतेय, अंगात सणसणून ताप. डोळे तेवढे माझ्यामागे फिरत होते. शेजारच्यांची जीप करून मी त्यांना कोल्हापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या एकदम बंद केल्या का?"

मी म्हटलं, नाही हो, मी स्वतः हातावर देते रोज तीन वेळा. त्यांनी पुन्हा विचारलं. मला राग आला. मी खोटं बोलतेय असं वाटतं का यांना? त्या शांतपणे म्हणाल्या, की ही गोळी अचानक थांबवली तर असंच होतं, माणूस जातोसुद्धा, म्हणून घरी जाऊन नीट बघा.

संध्याकाळी कपडे आणायला घरी आले तेव्हा बघितलं. त्यांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत एकवीस गोळ्या होत्या. सात दिवसांच्या. माझ्या हातून घेऊन, तोंडात धरून, मी पाठ फिरवली की बाहेर काढलेल्या. काही अर्धवट विरघळून एकमेकींना चिकटल्या होत्या.

आणि उशाशी ते पुस्तक. चौसष्टाव्या पानावर घडी घातलेली. त्यात लिहिलं होतं, की या रोगावरच्या इंग्रजी गोळ्या हे मंद विष असून त्या प्रथम पूर्ण बंद केल्याशिवाय शरीर बरं व्हायला सुरुवातच करत नाही. पहिले काही दिवस त्रास वाढेल, ते विष बाहेर पडण्याचं लक्षण समजावं, घाबरू नये.

घाबरू नये. माझा नवरा नळ्या लावून पडला होता.

ते पुस्तक मी पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. त्या लेखकाला असं पत्र लिहायचं होतं, की वाचताना त्याचाही हात थरथरावा. दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपले होते. नाकातून नळी घालून गोळ्या कालवून देणं चालू होतं, ताप उतरत होता. मी खिडकीशी स्टूल ओढून बसले आणि पत्ता बघायला पुस्तक उघडलं. पश्चिमेचं ऊन पानावर तिरकं पडलं होतं. त्या उन्हात मला चौसष्टाव्या पानाच्या समासात काही दिसलं. अक्षरं नव्हती, अक्षरांचे दाब होते. कुणीतरी पेन्सिल जोरानं टेकवून लिहिलेलं होतं आणि ते कुणीतरी पुसलेलं होतं.

मी पान वरखाली करून वाचलं. अक्षर इतकं बारीक, की मुंगीची रांग जावी तसं. सगळं लागलं नाही. लागलं ते असं: 'हे खोटं आहे. गोळ्या बंद करू नयेत. मी केल्या. नवव्या दिवशी मरता मरता वाचलो.' त्याखाली: 'गोळी दुधाबरोबर घेऊ नये. दुधानं तिचा गुण लागत नाही. जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर.'

पुढची पानं उलटली. जवळजवळ प्रत्येक पानावर तसे दाब होते.

कुणी पुसलं ते मला शोधावं लागलं नाही. मीच पुसलं होतं. आदल्या वर्षी, मार्च महिन्यात. पुस्तकात लिहिणाऱ्या माणसांची मला मनापासून चीड होती. परत आलेल्या पुस्तकात रेघ दिसली तरी मी सगळ्यांदेखत सुनवायची. या पुस्तकात तर पानन्‌ पान खरडलेलं होतं. ज्यांनी ते आणून दिलं, त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी काउंटरपाशी उभं करून विचारलं होतं, एवढं शिकलेसवरलेले दिसता, हे काय केलंत? ते काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, मोठ्यानं बोला. ते पुन्हा पुटपुटले. मी त्यांचं सभासदत्व रद्द केलं, नाव फळ्यावर लिहिलं आणि बसून सगळं खोडून काढलं. एक शब्दसुद्धा वाचला नाही.

मी त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि दुधाचं विचारलं. त्या म्हणाल्या, हो, बऱ्याच जणांना दुधाबरोबर गोळी नीट लागू पडत नाही, पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच की. दीड महिना मी रोज तीन पेले दूध देऊन गोळी वाया घालवत होते आणि हे म्हणत होते, चुना आहे.

बाराव्या दिवशी यांना घरी आणलं. चालत नव्हते, पण धरून बसत होते. मी त्यांना विचारलं, का केलंत असं? मला का नाही सांगितलं? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. मी पुन्हा विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "झालं ते झालं." त्यानंतर अनेकदा विचारलं. उत्तर कधी दिलं नाही.

त्या गृहस्थांचं नाव गुरुपाद हत्तरकी, निवृत्त पोस्टमास्तर. राहायला कुंभार गल्लीत. मी गेले तेव्हा दार त्यांनीच उघडलं, पण उघडायला बराच वेळ लागला. फटीतून मला दिसत होतं. दाराच्या दोन हात अलीकडे ते थबकले होते, पाय फरशीला खिळलेले. फरशीवर तांबड्या ऑइलपेंटचे आडवे पट्टे मारलेले होते. त्यांनी खाली बघितलं, एक पट्टा ओलांडायचा म्हणून पाय उचलला आणि चालायला लागले.

त्यांनी मला ओळखलं. बसा म्हणाले नाहीत. मी उभ्यानं सगळं सांगितलं, यांचं दुखणं, पुस्तक, गोळ्या, उन्हात दिसलेली अक्षरं. मग ते बोलले. आवाज इतका खाली, की मला अगदी जवळ जावं लागलं.

"बाई, त्यांनी खोटं छापलं. मला कोण छापणार? म्हणून खोटं जिथं होतं, तिथंच उत्तर लिहिलं."

मी म्हटलं, चुकलं माझं.

"या रोगात अक्षर बारीक होत जातं," ते म्हणाले. "एक ओळ नीट उमटायला कधी कधी अख्खी सकाळ जायची. चार महिने लागले मला. तुम्हाला पुसायला किती वेळ लागला?"

मी खरं ते सांगितलं. "एक दुपार."

त्यांनी मान हलवली. त्यांचा चेहरा या रोगानं तसाही न हलणारा झालेला, त्यामुळे काय वाटलं ते कळलं नाही. मग म्हणाले, वही आणलीय का?

वही आणली नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी घेऊन आले. तीन दुपारी ते सांगत होते आणि मी लिहून घेत होते. नऊ वर्षांचं दुखणं आणि पोस्टातली शिस्त. गोळी किती वाजता घेतली आणि पाय किती वाजता सुटला, हे रोज लिहून ठेवून त्यांनी गुण कधी येतो ते काढलं होतं. दुधाचं त्यांना बेळगावच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, तेही मास्तरांनीच खोदून खोदून विचारलं म्हणून. बाकी बरंच पडून झडून कळलेलं. जागच्या जागी गर्रकन वळायचं नाही, बैल वळतो तसं लांबून वळायचं. कुशीवर वळता येत नसेल तर चादरीवर कमरेखाली गुळगुळीत कापड घालायचं. पाणी पिताना हनुवटी खाली. बसूनच कपडे घालायचे, आधी जास्त थरथरणारा हात. आवाज जातोय म्हणून गप्प बसायचं नाही, रोज वर्तमानपत्र भिंतीला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायचं. लोक पिलेला समजतात. त्यांना पहिल्या भेटीतच रोगाचं नाव सांगून टाकायचं. लपवलं तर त्यांचंच खरं होतं.

हे शेवटचं लिहिताना माझा हात थांबला.

वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची सभा त्याच महिन्यात होती. मी लेखी अर्ज दिला, की हे पुस्तक जीवघेणं आहे, ते देवघेवीतून काढावं. श्रीपतरावांनी तो वाचून बाजूला ठेवला. म्हणाले, तुमच्या घरी जे झालं त्याचं वाईट वाटतं, पण पुस्तक वाचून कुणी आजारी पडत नाही. वाचनालय सगळ्या मतांचं असतं. आणि भेट आलेलं पुस्तक काढता येत नाही, तसा ठरावच आहे. बाकीचे चहा पीत होते. एकजण म्हणाले, वहिनी, तुम्ही सध्या मानसिक ताणात आहात.

मी वही पुढं केली. म्हटलं, निदान हे छापा, चार पानांचं का होईना. श्रीपतराव हसले. म्हणाले, पोस्टमास्तरांना वैद्यकातलं काय कळतं?

"आणि काढे देणाऱ्याला कळतं?" मी विचारलं.

ते उठले. जाता जाता म्हणाले, "तुमचं मत वेगळं असेल तर जरूर मांडा. दोन्ही मतं वाचकांसमोर असू द्यात. वाचनालय त्यासाठीच आहे."

मी ते शब्द धरून ठेवले. दुसऱ्या दिवसापासून मी दोन तास आधी वाचनालय उघडायला लागले. पाचही प्रती समोर घेतल्या आणि पहिल्या पानापासून समासात लिहायला सुरुवात केली. पेन्सिलनं नाही, शाईच्या पेननं. मोठ्या, टपोऱ्या अक्षरात. पुस्तक म्हणतं गोळ्या विष, त्याच्या शेजारी हत्तरकी मास्तरांचं उत्तर आणि खाली त्यांचं नाव. जे मला नीट माहीत नव्हतं, ते त्या डॉक्टरीणबाईंना पत्र लिहून विचारलं, त्यांनी उत्तर पाठवलं, तेही उतरवलं. एकोणीस वर्षांत पुस्तकावर शिक्क्याशिवाय माझ्या हातून काही उमटलं नव्हतं. पाच प्रतींना पंचवीस दिवस लागले.

बातमी श्रीपतरावांपर्यंत गेली. संस्थेची मालमत्ता विद्रूप केल्याबद्दल खुलासा मागणारं पत्र आलं. मी एका ओळीचा खुलासा दिला, 'दोन्ही मतं वाचकांसमोर असावीत, या अध्यक्षांच्या सूचनेनुसार.' माझी दोन वर्षांची वेतनवाढ रोखली. पण पुस्तकं काढून टाकायची म्हटली, तर तो भेटीच्या पुस्तकांचा ठराव आडवा आला. त्यांचाच. प्रती कपाटात राहिल्या. हत्तरकी मास्तरांचं सभासदत्व मी मंडळाला न विचारता परत सुरू केलं. ते आणखी तीन वर्षं येत होते, काउंटरपर्यंत एकेक पाऊल मोजत. मला माफ केलं असं कधी म्हणाले नाहीत. पुस्तकाला हात लावायच्या आधी ते फक्त विचारायचे, लिहिलं तर चालेल ना?

हे सुधारले. बरे नाही झाले, ते होणारच नव्हते. पण पाण्याबरोबर, वेळेवर गोळी द्यायला लागल्यावर वीस दिवसांत शर्टाची बटणं स्वतः लावू लागले. दूध संस्थेत जाऊन बसायचे आणि नव्या पोरांना म्हणायचे, मला कंपवात आहे, नळी तू धर, मी सांगतो. नऊ वर्षं जगले, त्यातली सहा चांगली. पाचातली एक प्रत मी बरेच महिने घरीच ठेवली होती. त्यांना काही सुचलं तर लिहायला म्हणून. काय लिहिलं ते दाखवत नसत. नंतर ती प्रतही मी कपाटात लावली. जवळजवळ सगळं आपणच लिहिलेलं, ते पुन्हा काय वाचायचं, म्हणून कधी उघडली नाही.

ते गेल्यावर दोन वर्षांनी, माझ्या निवृत्तीला थोडे महिने असताना, एक बाई काउंटरवर आली. लांबच्या खेड्यातून आलेली. नवरा बाहेर पायरीवर बसला होता, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून. ती म्हणाली, "कंपवाताचं ते हातानं लिहिलेलं पुस्तक हाय काय तुमच्यात?"

चार प्रती बाहेर गेलेल्या होत्या. पाचवी होती. पानं शाबूत आहेत ना ते बघायला मी ती चाळली. चौसष्टाव्या पानावर, माझ्या टपोऱ्या अक्षराच्या खाली, मोहरीएवढ्या अक्षरात तीन ओळी होत्या. चष्मा पुसून वाचल्या.

'गोळ्या मी पण बंद केल्या होत्या. हे पुस्तक आमच्या हिनं आणून दिलं. ती स्वतः वाचल्याशिवाय कुणाला पुस्तक देत नाही, म्हणून मी विश्वास ठेवला. भू. चौगुले.'

ती बाई समोर उभी होती. तिनं विचारलं, हेच का ते? मी हो म्हटलं. मग काउंटरच्या बाहेर आले, तिच्या नवऱ्याला धरून आत आणलं, दोघांना बाकावर बसवलं आणि मधे पुस्तक उघडून पहिल्या पानापासून त्यांना वाचून दाखवायला लागले.